डबीतलं आरोग्य

मेडिकलच्या काउंटरवर हल्ली खोकल्याच्या औषधाआधी अँटिऑक्सिडंटच्या डब्या नजरेत भरतात. ग्रीन टीचा अर्क, द्राक्षाच्या बियांचा अर्क, व्हिटॅमिन ई. पोट सुटलेला, शुगर काठावर आलेला माणूस भरपूर पैसे मोजून डबी घरी नेतो आणि तब्येतीसाठी काहीतरी केल्याच्या समाधानात जिना सोडून लिफ्टकडे वळतो. ही त्याची फसवणूक आहे. ती थांबली पाहिजे.

विकणाऱ्यांचं अर्धं म्हणणं खरं आहे, म्हणूनच ते खपतं. लठ्ठपणात शरीरावर ऑक्सिडेटिव्ह ताण, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या फ्री रॅडिकल रेणूंचा मारा, वाढतो, यात शंका नाही; अँटिऑक्सिडंट हे रेणू शमवतात. गरजेपेक्षा जास्त साखर आणि चरबी पेशींत येत राहिली की मायटोकॉन्ड्रियातून फ्री रॅडिकल जास्त सुटतात. फुगलेल्या चरबीच्या पेशी स्वतःही त्यात भर घालतात. २००४ साली जपानी संशोधकांनी हे उंदरांवर दाखवून दिलं. यातून शरीरात बारीक सूज धुमसत राहते आणि इन्सुलिनचं काम बिघडतं. ताण निर्माण होतो तो जादा खाण्यातून आणि साठलेल्या चरबीतून. त्याला हात न लावता वरून गोळी घेणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

‘फायदा नाही झाला तरी तोटा काय?’ असं विचारणाऱ्यांनी हे ऐकावं. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर मोठी चाचणी झाली. तिचा निकाल १९९४ साली आला. बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला.

वजन उतरवायला निघालेल्यांसाठी तर २००९ सालचा जर्मनीतला प्रयोग जास्त महत्त्वाचा. चाळीसएक तरुणांनी चार आठवडे व्यायाम केला. त्यातल्या काहींना रोज व्हिटॅमिन सी आणि ई दिलं. गोळ्या न घेणाऱ्यांच्या शरीरात इन्सुलिनचं काम सुधारलं, घेणाऱ्यांच्या नाही. व्यायामात थोडे फ्री रॅडिकल सुटतात आणि तोच शरीराला इशारा असतो: आपली संरक्षक एन्झाइम्स वाढव. गोळी हा इशाराच दाबते. घाम गाळायचा आणि त्या मेहनतीवर विकत घेतलेलं पाणी फिरवायचं, याला काय अर्थ आहे?

शरीरात एखाद्या व्हिटॅमिनची खरी कमतरता असेल आणि डॉक्टरांनी तपासून गोळी दिली असेल, तर ती जरूर घ्यावी. बाकीच्यांनी ताटाकडे बघावं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत रोज ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत. आपल्या डब्यात चार पोळ्या आणि दोन चमचे बटाट्याची भाजी. मुळा घेताना आपण भाजीवालीला सांगतो, ‘मावशी, पाला तोडून द्या.’ ती तो पिळून तोडते, मागच्या ढिगात टाकते, आणि कामाचं खाणं तिथेच राहतं. शेवग्याचा पाला, आवळा, जांभूळ, कोकम यांना डबीची गरज नाही. शिवाय भाजीत एकटं अँटिऑक्सिडंट नसतं. चोथा असतो, पाणी असतं, त्यामुळे पोट भरतं आणि कॅलरी आटोक्यात राहतात. गोळीत यातलं काहीच नाही.

दुसरीकडे, हा ताण वाढवणारं खाणं चालूच राहतं. कोपऱ्यावरच्या कढईतलं तेल सकाळी पिवळं असतं, संध्याकाळी काळपट, चिकट, फेसाळ. पुन्हा पुन्हा तापून ऑक्सिडाइझ झालेलं हे तेल आपण वड्याबरोबर रोज पोटात ढकलतो. तेल असं तापून खराब होताना त्यात वाढणाऱ्या टोटल पोलर कंपाउंड्सवर २५ टक्क्यांची मर्यादा १ जुलै २०१८ पासून लागू आहे. अन्न आणि औषध प्रशासनाने कढईपाशी उभं राहून ती तपासावी. आणि बारीक होण्याचं आमिष दाखवणाऱ्या डब्यांकडे पुरावा मागावा. तो नसेल तर त्या दुकानातून उचलाव्यात.

तोवर आपला खिसा आपल्या हातात आहे. डबीचे पैसे मंडईत खर्च करा, मुळा पाल्यासकट घ्या आणि पिशवी घेऊन जिना चढा.