दर शंभर इंचाला किती ठिपके?

कल्याण सोडून लोकल कर्जतच्या दिशेने वळली की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही स्टेशनं येतात. एवढ्या टापूत माणसं जितकी मापं वापरतात, तितकी शाळेच्या गणिताच्या पुस्तकातही सापडणार नाहीत. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात प्लायवूड घ्यायला जा. लांबी 8 फूट, रुंदी 4 फूट, जाडी 19 एमएम. ती फळी कापताना सुतार पोराला सांगतो, ‘‘दोन सूत आत घे रे.’’ (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.) एकाच फळीत इंग्रज, फ्रेंच आणि विश्वकर्मा गुण्यागोविंदाने नांदतात. शेजारच्या गल्लीत जीन्सचं कापड मीटरने येतं, कंबर इंचाने शिवली जाते आणि धुलाईचा दर नगावर ठरतो. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांना इथल्या लष्करी छावणीत आसरा मिळाला, 8 ऑगस्ट 1949 रोजी तिचं उल्हासनगर झालं, आणि पत्ते अजून लष्करीच राहिले: कॅम्प, सेक्शन, बॅरेक. तीन आकडे सांगितले की रिक्षावाला काही न विचारता निघतो.

अंबरनाथची तऱ्हा वेगळी. तिथे ऑर्डनन्स फॅक्टरी आणि एमआयडीसी, त्यामुळे तिथला माणूस मिलिमीटरला ढोबळ समजतो. त्याचं बोलणं थाऊमध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात, नाहीतर थेट मायक्रॉनमध्ये. आमच्या बदलापुरात जमीन गुंठ्याने सांगतात (33 फूट गुणिले 33 फूट), करारात ती चौरस मीटरमध्ये लिहितात, एजंट चौरस फुटात बोलतो आणि स्टेशनचं अंतर मिनिटांत मोजतात. ‘स्टेशनपासून 5 मिनिटं’ ही मिनिटं जाहिरातीतल्या माणसाची. तो पावसाळ्यात चालत नाही, त्याच्या हातात भाजीची पिशवी नसते आणि त्याला फाटक लागत नाही.

अशा मुलखात राहून मी छपाईचं सॉफ्टवेअर लिहिते. लेबलं, बारकोड, बिलं. पाहुण्यांना वाटतं, यात काय एवढं, बटण दाबलं की कागद येतो. कागद येतोच. तो किती मोठा येतो, हा प्रश्न आहे.

कॅम्प पाचातल्या एका जीन्सवाल्या शेठनी लेबलं छापायचा थर्मल प्रिंटर घेतला, तेव्हा त्याच्या खोक्यावरच्या आकड्यावर त्यांची नजर अडकली. 203 डीपीआय. इंचाला 203 ठिपके. शेठ माझ्याकडे संशयाने बघत म्हणाले, ‘‘मॅडम, ये दोसौ तीन क्या है? दोसौ क्यों नहीं? ऊपर के तीन किसके?’’ आयुष्य घासाघीस करण्यात गेलेल्या माणसाला वरचे तीन नेहमी दलालाचे वाटतात.

खरं तर या प्रिंटरचं डोकं इंच ओळखतच नाही. त्यात दर मिलिमीटरला 8 ठिपके बसवलेले असतात. सरळ, सम, सुटसुटीत आठ. पण बाजारात ठिपके इंचावर विकले जातात, म्हणून 8 ला 25.4 ने गुणायचं. येतात 203.2. ते दोन दशांश खोक्यावर शोभत नाहीत, म्हणून गाळायचे. जन्माने मेट्रिक असलेलं यंत्र इंचाची टोपी घालून दुकानात बसतं. शेठना हे समजावल्यावर ते म्हणाले, ‘‘मग आठ बोलो ना! आठ में क्या शरम है?’’ यावर छपाईच्या जगाकडे चांगलं उत्तर नाही.

आता ही भानगड संगणकाच्या पोटात कशी ठेवायची? एक माणूस इंचात बोलणार, दुसरा सेंटीमीटरमध्ये, आणि संगणकाला कधीतरी सांगावं लागणार की हे दोघं एकाच प्रिंटरबद्दल बोलताहेत की नाही. त्यात दशांश अपूर्णांक हे संगणकाचं जुनं दुखणं. साध्या एक दशांशाची नोंदसुद्धा त्याला द्विमान पद्धतीत तंतोतंत करता येत नाही, आणि मग समान असलेल्या दोन गोष्टी केसभर फरकाने असमान निघतात. म्हणून हुशार लोक होता होईतो पूर्णांकात राहतात. जावा नावाच्या भाषेत 2002 साली, 1.4 या आवृत्तीत, छपाईची नवी व्यवस्था आली. प्रिंटरची सूक्ष्मता साठवताना तिच्या कर्त्यांनी इंचवाल्यांची बाजू घेतली नाही आणि सेंटीमीटरवाल्यांचीही नाही. त्यांनी तिसरंच माप काढलं: दर शंभर इंचाला किती ठिपके.

शंभर इंच! पृथ्वीवर कोणताही सुतार, शिंपी, छापखानेवाला किंवा इस्टेट एजंट हे माप वापरत नाही. पण हिशोब बघा. 1959 साली इंग्लंड-अमेरिकेसह सहा इंग्रजीभाषक देशांनी इंच म्हणजे तंतोतंत 25.4 मिलिमीटर असं ठरवून टाकलं. त्यामुळे 100 इंच म्हणजे बरोबर 254 सेंटीमीटर, शिल्लक काही नाही. इंचातला आकडा आला तर त्याला 100 ने गुणा, सेंटीमीटरमधला आला तर 254 ने. दोन्हीकडे पूर्णांक. (50 इंच म्हणजे 127 सेंटीमीटर, त्यातही भागलं असतं. पण गोल आकड्याचा मोह अभियंत्यांनाही सुटत नाही.) इंचाला 300 ठिपके म्हणजे आत 30,000. आणि शेठचा प्रिंटर? मिलिमीटरला 8 म्हणजे सेंटीमीटरला 80, गुणिले 254, म्हणजे 20,320. खोक्यावर गाळलेले ते दोन दशांश इथे सहीसलामत जिवंत! हे मला कळलं त्या दिवशी मला त्या अनामिक अभियंत्याला वडापाव द्यावासा वाटला.

पण शहाणपणालाही एक फट असतेच. 300 डीपीआय नोंदवा आणि संगणकालाच विचारा, बाबा रे, सेंटीमीटरमध्ये किती? खरं उत्तर 118.11 आणि पुढे शेपूट. तो पूर्णांकातच बोलणारा, म्हणून सांगतो 118. ते 118 दुसऱ्या यंत्रात घातले की 254 ने गुणून होतात 29,972. शंभर इंचात 28 ठिपके बेपत्ता. संगणक दोन्ही आकडे शेजारी ठेवतो आणि शपथेवर सांगतो की हे दोन वेगळे प्रिंटर आहेत. पीएनजी चित्रांमध्ये तर ठिपके मीटरवर मोजतात. तिथे 300 चे 11,811 होतात आणि परत इंचात येताना 299.9994 उरतात. हे सहा दहा-हजारांश कोणी खाल्ले म्हणून ग्राहक फोन करतो.

आपल्या देशाचा हा खेळ खिशातल्या पैशांवर खेळून झालाय. 1 एप्रिल 1957 ला नवे पैसे आले. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत होते, पण पाव पैसा कुठून आणायचा? म्हणून तक्ता केला: 1 आण्याचे 6, 2 आण्यांचे 12, 3 आण्यांचे 19, 4 आण्यांचे 25. एकेक आण्याची वस्तू तीनदा घेणारा 18 पैशांत सुटायचा आणि एकदम तीन आण्यांची घेणारा 19 मोजायचा. संगणक नव्हता, तरी गोलाईचा घोळ तोच.

आमच्या वरच्या मजल्यावरचे काका ऑर्डनन्स फॅक्टरीतून लेथवर हयात घालवून निवृत्त झाले. घरात त्यांच्याकडे देवापेक्षा व्हर्नियर कॅलिपरला जास्त मान आहे. मी लेबलाच्या चाचणीसाठी एका पानावर बरोबर 100 मिलिमीटरची रेघ काढली आणि ती कॉलनीतल्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणली. जिन्यात काका भेटले. त्यांनी पान हातात घेतलं, खिशातून व्हर्नियर काढला (हो, खिशातून) आणि रेघ मोजली.

‘‘सत्त्याण्णव.’’

‘‘काका, शंभर आहे ती.’’

‘‘अगं, तू सांगतेस शंभर, हा सांगतो सत्त्याण्णव. याने मला तीस वर्षांत फसवलं नाही. आमच्याकडे तीन थाऊ इकडेतिकडे झाले तर जॉब स्क्रॅपमध्ये जायचा. तुझे तीन मिलिमीटर गेलेत आणि तू चहा प्यायला निघालीस?’’

तीन मिलिमीटर ‘फिट टू पेज’ने खाल्ले होते. बहुतेक प्रिंटरना कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापता येत नाही. म्हणून सॉफ्टवेअर परोपकारी होऊन अख्खं पानच थोडं आक्रसून घेतं. झेरॉक्सवाल्याला विचारलं तर तो शांतपणे म्हणाला, ‘‘ताई, तो टिक काढला तर कडा कापल्या जातात आणि लोक भांडायला येतात. रेघ मोजायला आजपर्यंत कोणी आलं नाही.’’ त्याचं ग्राहकशास्त्र पक्कं आहे.

मी काकांना सांगितलं की सॉफ्टवेअरच्या आत कागदाचं माप मायक्रॉनमध्ये ठेवतात. इंच म्हणजे 25,400, ए-फोर म्हणजे 2,10,000 गुणिले 2,97,000. काकांचा चेहरा उजळला. पहिल्यांदाच त्यांना माझ्या धंद्याबद्दल आदर वाटलेला दिसला. मग त्यांनी कागद उजेडात धरला. जुलै महिना, उल्हास नदी भरून वाहत होती, घरातलं मीठसुद्धा ओलं. दमट हवेत कागद फुगतो, त्यातही तंतूंच्या आडव्या बाजूने जास्त. काकांनी पान माझ्या हातात परत दिलं. ‘‘मायक्रॉन आणि याला? पोरी, हा जॉबच नव्हे. हा पापड आहे.’’

डीपीआयचा सर्वांत निरर्थक अवतार मात्र नोकरभरतीच्या अर्जात भेटतो. भाचीने फॉर्म भरायला घेतला. फोटो 200 गुणिले 230 पिक्सेल, 20 ते 50 केबी, आणि 200 डीपीआय. पिक्सेल ठरल्यावर चित्र ठरलं. डीपीआय ही फक्त फाइलला लावलेली चिठ्ठी, की छापलंत तर इतक्या इंचात बसवा. आणि अर्ज तर ऑनलाइन, छापतंय कोण? स्टेशनजवळच्या फोटोवाल्याने एका चौकटीत 72 खोडून 200 लिहिलं, चित्रातला एक केसही हलला नाही, आणि ‘डीपीआय वाढवायचे’ वेगळे पैसे घेतले. मी वाद घालणार होते. भाचीने माझा हात दाबला. परीक्षा तिची होती.

याउलट फ्लेक्सवाले. डीपीआय खऱ्या अर्थाने कोणाला कळला असेल तर तो त्यांना. महाशिवरात्रीला अंबरनाथच्या शिवमंदिराला मोठी यात्रा भरते, तेव्हा भाविकांचं स्वागत करणारे भावी नगरसेवक रस्तोरस्ती उगवतात. अशाच एका 20 फुटी फ्लेक्ससाठी मंदिराचा फोटो आला तो व्हॉट्सअ‍ॅपवरून, 1280 पिक्सेल रुंद. 20 फूट म्हणजे 240 इंच. इंचाला जेमतेम सव्वापाच ठिपके. मी फ्लेक्सवाल्याला म्हटलं, अहो, हे मंदिर शिलाहारांचं, 1060 सालचं, त्यावरचं कोरीवकाम बघायला जगभरातून अभ्यासक येतात, आणि तुम्ही त्याचा एकेक ठिपका 4.76 मिलिमीटरचा करताय! तो म्हणाला, ‘‘म्हणजे दीड सूत.’’ मी मोबाइलवर गणित केलं. बरोबर दीड सूत. सुताराच्या मापात पूर्ण भाग गेला.

‘‘आणि हा लागणार कुठे? पुलाच्या तोंडाशी, वर,’’ तो पुढे म्हणाला. ‘‘खालून कोण सूत मोजतोय?’’ माणसाच्या डोळ्याला साधारण एका कलेइतका, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा दिसतो. त्या हिशोबाने दीड सुताचा चौकोन पन्नास-पंचावन्न फुटांपलीकडून ठिपकाच वाटतो. फ्लेक्सवाल्याने हे गणित कधी केलं नव्हतं. फ्लेक्स लावून झाला की तो रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहत असे, एवढंच. फ्लेक्समध्ये उमेदवारांचा चेहरा मात्र वेगळ्या, स्टुडिओतल्या फोटोवरून घेतला होता. शिलाहारांना सव्वापाच ठिपके आणि दादांना दीडशे.

शेठच्या लेबलाचं काम शेवटी मार्गी लागलं. त्यांना त्यावर मराठीही हवं होतं. अक्षर चार पॉइंटचं, म्हणजे 203 च्या प्रिंटरवर उंची सगळी मिळून अकरा ठिपके. त्यात शिरोरेघ, वरच्या मात्रा, खालचे उकार आणि अनुस्वार यांनी दाटीवाटीने बसायचं. पहिल्या रिळावर अनुस्वाराला जागाच मिळाली नाही आणि ‘कंबर 34’ च्या ठिकाणी ‘कबर 34’ छापून आलं. शेठना मराठी वाचायला वेळ लागतो, पण कबर हिंदीतही तीच. अक्षर मुकाट्याने मोठं केलं.

मग आले सेंटीमीटर. पाकीटबंद वस्तूंचे 2011 चे वैध मापनाचे नियम तयार कपड्यांवर एस-एम-एलच्या जोडीला मेट्रिक मापही मागतात. 34 इंच म्हणजे 86.36 सेंटीमीटर. लेबलावर 86 लिहायचं, की दशांशासकट? मी खात्री करायला टेबलावरची एक 34 ची जीन्स घेतली, टेप लावला. 36 इंच.

‘‘शेठ, ही छत्तीस आहे.’’

‘‘चौतीस है, मॅडम. लेबल देखो.’’

‘‘टेप छत्तीस सांगतोय.’’

शेठनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. ‘‘चौतीस लिखो तो छत्तीसवाला आदमी खुशी से लेके जाता है। छत्तीस लिखो तो वो बाजूवाले के पास जाता है।’’

‘‘मग सेंटीमीटर कोणते छापू? लेबलाचे 86, की पोटाचे 91?’’

शेठनी बराच विचार केला. कॅल्क्युलेटर ओढला, दोन आकडे मिळवले, दोनने भागले.

‘‘बीच का डालो, मॅडम. साडे अठ्ठ्याऐंशी. दोनों का मान रह जाएगा.’’