पेटीत बंदूक, बाजारात तुरी

सोयाबीन भरात आलं की आमच्या लातूर-नांदेडकडं दोनच विषय निघतात : भाव आणि रानडुक्कर. भावापुढं कुणाचं काही चालत नाही, म्हणून सगळा राग डुकरावर निघतो. त्याच रागात मी पीकसंरक्षणासाठी बंदुकीच्या परवान्याचा अर्ज टाकला. तहसील, पोलीस ठाणं, चारित्र्य पडताळणी असं करत करत जिल्हाधिकारी कचेरीतून कागद हाती पडला, तोवर डुकरांची पुढची पिढी शेत पाहून गेली होती. शिवाय डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी वेगळी.

शहाणा माणूस अशा वेळी बारा बोअरची एकनळी घेतो. पण उदगीरकडच्या एका देशमुखांकडं निजामाच्या अमदानीतली विलायती रायफल विकायला आहे असं कळलं आणि माझं शहाणपण तिथंच थांबलं.

देशमुखांनी माळवदाच्या खोलीतून पेटी आणली. आत उंदरांनी कुरतडलेली लाल मखमल, अक्रोडाचा दस्ता, तेलाची कुपी आणि शिशाच्या गोळ्या ओतायचा सांडशीसारखा साचा. खालचा दांडा ओढला की मागचा ठोकळा सर्रकन उतरायचा. एक काडतूस घाला, एक बार काढा, पुन्हा दांडा ओढा. नळी उजेडाकडं धरली तर पलीकडं अंधार. काडीनं टोकरल्यावर कुंभारणीचं मातीचं घर भुरुभुरु गळून पडलं. नळीवर कोरलं होतं : ३६०.

"याचं काडतूस कुठं मिळायलंय?" मी विचारलं.

"ते तुम्ही बघा की. बंदूक आमची, काडतूस तुमचं. आमच्या आजोबानं काळवीट पाडलेत हिनं."

काळवीट पाडायचे दिवस १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संपवले. काडतुसं त्याच्याही आधी संपली असावीत. नांदेडच्या दुकानदारानं आकडा ऐकून चष्मा काढला. "बारा बोअर घ्या, तीनशे पंधरा घ्या. हे तर माझ्या बापानंबी विकलं नाही."

तीनशे पंधराचीही गंमतच आहे. ३०३ फौजेची, म्हणून इंग्रजांनी ती प्रजेला मना केली. शिकाऱ्यांसाठी मग ऑस्ट्रियाच्या मॅनलिखरचं काडतूस ३१५ या नावानं आलं, आणि ईशापूरच्या कारखान्यानं पुढं त्याच बोअरच्या रायफली केल्या. १९०७ च्या सुमारास ४५० बोअरवर बंदी आली, तेव्हा विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी ४७० काढली. कायदाही राहिला आणि वाघाचीही काही सुटका झाली नाही. सगळ्यांवर कडी म्हणजे पोलिसांची ४१० मस्केट. चांगली ३०३ घ्यायची, नळी आतून गुळगुळीत करायची, मॅगझिन बुजवायचं आणि काडतुसाची मान फुगवायची. बंदूक चोरीला गेली तरी चोराला काडतूस मिळू नये! सरकारचा चोरावर जेवढा अविश्वास, तेवढाच शिपायावर.

अमेरिकेत हौशी लोक घरच्या घरी काडतुसाची मान आवळून नवाच बोअर जन्माला घालतात. त्याला ते वाइल्डकॅट म्हणतात. नशीब काढलं तर एखादा कारखाना त्याला पदरात घेतो. रेमिंग्टननं १९६५ साली २२-२५० ला असंच घेतलं. आपल्याकडं काडतूस करायलाही परवाना लागतो, त्यामुळं पेटीतला साचा फक्त पाहुण्यांना दाखवायचा. तिकडं विचित्र काडतूस निघतं ते एखाद्याच्या हौसेतून, इकडं निघालं ते सरकारच्या भीतीतून.

घरी मात्र रायफल दिवाणखान्यात टांगायची की कपाटात ठेवायची यावर वाद पेटला होता. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, असं आई म्हणाली. मी म्हटलं, लातूरच्या आडतीत तूर तरी असते. या काडतुसाचा वाणच कुठं नाही.

तरी घेतली. देशमुखांचा शेवटचा मुद्दा बिनतोड होता : "निवडणुकीला ठाण्यात जमा करायला न्याल ना, तेव्हा सगळं गाव बघतंय. बारा बोअरकडं कुत्रं बघत नाही."

पहिलीच निवडणूक लागली. गावानं खरंच पाहिलं. ठाण्यात हवालदारानं पावती लिहायला घेतली.

"काडतुसं?"

"निरंक."

"मग डुकरं कशानं मारता?"

"दस्त्यानं."

त्यानं मान वर न करता शेऱ्याच्या रकान्यात तेही लिहून घेतलं.