जोडलंय तर जोडलंय, पण नेट कुठंय?

"काय व अक्का, काल दुपारी पडवीत दिसला नाहीत ते?"

"कशाची पडवी गं वैनी! काल सकाळपासनं घरात कॉम्प्युटरचंच चालूलालतं. नातू गुलबर्ग्याच्या हॉस्टेलातनं कॉम्प्युटर घेऊन आलाय, आन् नेट येईना म्हून डोकं धरून बसलता."

"गेलं असंल वायफाय. परवा वारं सुटलं तवा खांबावरली वायर लोंबूलालती."

"वायर नीट हाय. त्याच्या बापाच्या मोबाइलवर मजेत चालतंय, ह्याच्या कॉम्प्युटरवरच चालंना. ते बोटाएवढं डोंगल असतंय बघ, यूएसबीत खोचायचं, त्याचा दिवा लुकलुकूलालाय. पडद्यावर म्हणं जोडलंय, आन् त्याच्याच खाली लिहिलंय, नो इंटरनेट."

"मग डोंगलच गेलं! नवं घ्या की."

"दुकानदार बी तेच म्हणला. तो काय जुनंच वापरा म्हणंल? मागल्या गल्लीतला एक पोरगा आला, तो तर म्हणला विंडोज उडवून परत टाकू. पोराचा सगळा अभ्यास त्याच्यात, आन् हा उडवायला निघाला! मी म्हणलं, चहा पी बाबा, आन् जा."

"मग कोण केलं?"

"सूनबाई. उदगीरची हाय, पण डोकं थंड. कशालाच हात लावला नाही आदी. नुसतं विचारली, तिकडं हॉस्टेलात नेट कसं मिळत होतं रे? मग हा सांगूलालाय, तिथं चिठ्ठीवर आकडे लिहून दिलते, ते हातानं भरले तरच चालायचं."

"कसले आकडे व?"

"आयपी अ‍ॅड्रेस म्हणत्यात. नेटवर असलेल्या हरेक यंत्राला एक नंबर लागतो. आपल्या घरात राउटर आपणहून वाटतो तो. हॉस्टेलवाल्यांनी ज्याचा त्याचा बांधून दिलता, दहापासनं सुरू होणारा. आपलं राउटर वाटतंय एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्टवाले. म्हणजे पूर्वी गुलबर्ग्याचं राशन कार्ड घेऊन आपल्या नौबादच्या दुकानात उभं राहिल्यावानी झालं. रांगेत उभं राहू द्यायचे, तांदूळ कोण द्यायचं?"

"पण घरचं वायफाय निवडलं की बदलायला पाहिजे की ते!"

"तिथंच तर गोम हाय. ह्यानं ते आकडे त्या डोंगलच्या प्रॉपर्टीजमध्ये भरलते. तिथं भरले की कुठलंबी वायफाय धरा, आकडे तेच राहत्यात. सून विंडोजचं बटण आन् आर दाबली, एनसीपीए डॉट सीपीएल लिहिली, एंटर. वायफायवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, मग इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन फोर. त्याच्यावर दोनदा टिचकी मारली की चिठ्ठीवरले आकडे समोर! मोबाइलवर आदी फोटो काढली त्यांचा."

"फोटो कामून?"

"सुट्टी संपल्यावर हॉस्टेलात परत तेच लागत्यात की. मग वरती 'ऑटोमॅटिकली'वर ठिपका, खाली डीएनएसला बी तसाच ठिपका, ओके. मी चहाचं आधण ठेवून आले तर नेट चालू!"

"फुकटात?"

"फुकटात. पण पोराचं समाधान कुठं? म्हणतंय, आलंय पण हळू हाय. सून बघते तर डोंगल कॉम्प्युटरच्या पेटीमागं, भिंतीकडं तोंड करून. आन् आपल्या भिंती कसल्या, बीदरचा लाल जांभा, हातभर जाड! ह्याच दगडातनं झिरपलेलं पाणी कारेजमधनं, म्हणजे जमिनीखालच्या भुयारातनं, सहाशे वर्षांमागं बहामनी सुलतानांनी गावाला पाजलं. पाणी झिरपतं बाई ह्या दगडातनं, वायफाय काय झिरपत नाही."

"मग भिंत पाडता काय आता?"

"भिंत कामून? यूएसबीची लांब वायर लावली, डोंगल टेबलावर आणून ठेवलं, दाराच्या सरळ रेषेत. आन् पाच गिगाहर्ट्झवर होतं ते दोन पॉइंट चारवर घेतलं. पाचवालं पळतं जोरात, पण भिंत आली की दमतंय. दोन पॉइंट चार सावकाश चालतं, पण पलीकडं पोचतंय. राउटरच्या खोलीत बसणार असशील तर पाच, आतल्या खोलीत असशील तर दोन पॉइंट चार."

"आमच्या भाच्याचं कसं हाय, जरा उठून जेवून आला की नेट बंद. डोंगल काढून परत खोचतो."

"त्याला सांग, डिव्हाइस मॅनेजरमध्ये जा, नेटवर्क अ‍ॅडॅप्टर्स उघड, डोंगलच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट असंल. वीज वाचवायला कॉम्प्युटरनं हे बंद केलं तर चालंल, अशी एक टिक असते तिथं. ती काढायची. सूनबाईनं आमची बी काढली."

"लई हुशार हाय व सून तुमची."

"हुशार म्हणजे! मोबाइलवर नेट चालतंय, यंत्र हॉस्टेलात चालत होतं, म्हणजे खोट नेटात नाही, यंत्रातबी नाही, सेटिंगात हाय, हे एवढंच ती बघितली. बाकीच्यांनी आदी पाकीट काढलं. तशीच मग राउटरमध्ये शिरली. सहा माणसांच्या घरात सतरा यंत्रं जोडलेली! पासवर्डच बदलून टाकली काल."

"काल? किती वाजता व?"

"संध्याकाळी. का गं?"

"नाही… आमच्या टीव्हीवरची मालिका बरोबर संध्याकाळीच अडकली. तेच विचारायला आलते."

"तुमी वायफाय कधी घेतलं गं वैनी?"

"आमी कुठलं घेतूलालो! तुमच्या नातवानंच मागच्या सुट्टीत…"

"असं हाय व्हय! मग असं कर, दिवाळीत नेलेला माझा खलबत्ता आदी आणून दे. पासवर्डाचं सूनबाईला विचारून सांगते."