तंगडीचा मान

सासू आणि जावई यांच्यात संभाषण होत नाही, चौकशी होते. "झोप झाली का?" "हो, झाली." "चहा घेणार?" "तुम्ही घेणार असाल तर." एवढं झालं की दोघंही टीव्हीकडे बघतात, मग तो बंद का असेना. माझी थोरली लेक शिकागोला असते. ती ऑफिसच्या कामाला बाहेरगावी गेली आणि त्या घरात मी आणि मंदारराव असे दोघंच उरलो. विषय नाश्त्यालाच संपले.

मंदारराव म्हणजे अतिशय मवाळ माणूस. फोनवर बोलताना पलीकडचा हमखास "काय?" म्हणणार, इतका खालचा आवाज. तर हेच गृहस्थ शुक्रवारी संध्याकाळी खोलीतून बाहेर आले ते काळाकुट्ट टीशर्ट घालून. छातीवर कवटी, कवटीच्या डोळ्यांतून ज्वाळा, आणि वर कुणालाही वाचता येऊ नये अशा बेताने काढलेली अक्षरं. "आई, बाहेर जेवायला जाऊ या? विंग्ज छान मिळतात. फक्त तिथे जरा आवाज असतो." मी म्हटलं, चला. घरातल्या शांततेपेक्षा कुठलाही आवाज बरा.

गाडीत त्यांनी माझं प्राथमिक शिक्षण उरकलं. त्या खानावळीत जे संगीत वाजतं त्याला हेवी मेटल म्हणतात आणि त्याचं मूळ इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमचं. तिथे टोनी आयोमी नावाचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्राने त्याच्या दोन बोटांची टोकं नेली, तीही नेमकी तारा दाबायच्या हाताची. पठ्ठ्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली आणि गिटार सोडली नाही. पुढे बोटांना त्रास कमी व्हावा म्हणून त्याने तारा सैल केल्या, सूर खाली गेला, आणि तोच जड, घुमणारा आवाज या संगीताची ओळख झाला. त्याच्या ब्लॅक सॅबाथ या बँडची पहिली रेकॉर्ड १३ फेब्रुवारी १९७० रोजी निघाली. वार शुक्रवार. तिकडे तेरा तारखेचा शुक्रवार अशुभ मानतात, म्हणून मुद्दाम तोच धरलेला. मंदाररावांना सलग इतकी वाक्यं बोलताना मी लग्नातसुद्धा ऐकलं नव्हतं.

शिकागोत असल्या खानावळींची परंपराच आहे. कुमाज कॉर्नर नावाचं ठिकाण २००५ पासून बर्गरना मेटल बँडची नावं देतंय. २०१३ मध्ये त्यांनी घोस्ट नावाच्या बँडचा बर्गर काढला आणि त्यावर चर्चमध्ये प्रसादाला देतात तसली पातळ चकती ठेवली. मग भाविक रागावले, वर्तमानपत्रांनी बातम्या केल्या. देवाधर्मावरून भावना दुखावायला आपलाच देश लागतो असं काही नाही, हे ऐकून परदेशात जरा आपलेपणा वाटला.

आम्ही गेलो ती जागा त्याच पठडीतली, पण लहान. दार उघडलं आणि आवाज छातीवर आदळला. भिंती काळ्या, दिवे लाल, भिंतीवर बोकडाची शिंगं. वाढायला आलेल्या मुलाचे दोन्ही हात गोंदवलेले, मनगटाला खिळ्यांचा पट्टा, दाढी पोटापर्यंत. त्याने माझ्यासाठी खुर्ची ओढली, पाण्यात बर्फ चालेल का विचारलं, आणि एसीचा झोत थेट अंगावर येतो म्हणून मला पलीकडच्या बाजूला बसवलं. माझ्या सख्ख्या भाच्यांना हे सुचत नाही.

मी चिपळूणकडची. आमच्याकडे शिमग्यात नमनखेळ्यांबरोबर संकासुर येतो. काळे कपडे, उंच टोपी, लांब पांढरी दाढी, कमरेला घुंगरं, मागे ढोल. लहानपणी तो अंगणात आला की मी माजघरात पळायची, आणि आजी मला ओढत आणून त्याच्याच पाया पडायला लावायची. या काळ्या भिंतींच्या खोलीत सगळे संकासुरच बसले होते, आणि शेजारच्या टेबलावरचा एक तर कडेवरच्या पोरीला गाजर भरवत होता. पोरीच्या कानांवर गुलाबी इयरमफ. मधूनच लोक तर्जनी आणि करंगळी ताठ करून हात वर करत. ही सैतानाची खूण असावी असं वाटलं होतं, पण ती मेटलवाल्यांत रुळवली रॉनी जेम्स डिओ या गायकाने, आणि तो ती शिकला इटालियन वंशाच्या आजीकडून. आजी दृष्ट लागू नये म्हणून बोटं तशी करायची. म्हणजे इतकी वर्षं जगभरची पोरं मैदानात उड्या मारत एका आजीचा दृष्टीचा तोडगा करताहेत. तिकडे मीठमोहऱ्या मिळाल्या असत्या तर मैफलींचं काय झालं असतं, विचार करवत नाही.

तेवढ्यात विंग्ज आल्या, आणि मी ताटाकडे बघतच राहिले.

आमच्या घरात कोंबडी शिजली की वाटे ठरलेले. तंगडी जावयाची. जावई नसेल तर सासऱ्यांची, मग दिरांची. कलेजी पोरांना. वडे-सागोतीची सगळी पंगत उठली की पातेल्याच्या तळाशी मान आणि पंख उरतात, ते वाढणारणीचे. माझी अख्खी सासुरवाशी कारकीर्द या पंखांवर गेली. आणि इथे कोंबडीचं बाकी सगळं काढून टाकून डझनभर पंखच तेवढे समोर मांडले होते, वर त्याचे डॉलर मोजायचे!

अर्थात इथेही पंखांना पूर्वी कुणी विचारत नव्हतं, ते स्टॉकच्या भांड्यात जात. मग १९६४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात, अँकर बार नावाच्या ठिकाणी, तेरेसा बेलिसिमो या बाईंनी पंख तळून लोणी आणि हॉट सॉसमध्ये घोळवले. मुलाचे दोस्त रात्री उशिरा जेवायला आले म्हणून, असं सांगतात. मुलगा अवेळी मित्र घेऊन येतो आणि आई उरल्यासुरल्यातून काहीतरी करते, ही कथा मला लगेच पटली. त्याच शहरातल्या जॉन यंग यांचाही या श्रेयावर दावा होता. ते अख्खे पंख पिठात घोळवून तळायचे. १९७७ साली शहराने २९ जुलै हा पंखांचा दिवस म्हणूनच जाहीर केला. आता नुसत्या सुपर बोलच्या सामन्याला अमेरिका १४५ कोटींच्या आसपास पंख खाते, असा तिथल्या कोंबडीवाल्यांच्या संघटनेचा २०२४ चा अंदाज होता. सासुरवाशिणींसाठी काय उरतं कोण जाणे.

सगळ्यांत जहाल सॉसचं नाव नरकाच्या कुठल्याशा मजल्यावरून ठेवलेलं. दाढीवाल्या मुलाने मला दोनदा बजावलं. मी पहिला घास घेतला. तिखट होतं, नाही असं नाही, पण व्हिनेगरचं आंबट-तिखट. मसाल्याचा पत्ता नाही. मंदाररावांच्या कपाळावर मात्र घाम. सोबतच्या ब्लू चीजमध्ये बुडवून खा म्हणाले, दुधातल्या प्रथिनाने जळजळ शमते. गंमत अशी की पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही, म्हणून रानात मिरचीचं बी तेच खातात आणि पसरवतात. म्हणजे त्या टेबलावर तिखट न लागणारी एकटी कोंबडीच होती, आणि तिलाच आता त्याचा उपयोग नव्हता.

पंखाचा चपटा तुकडा असतो त्यात दोन हाडं शेजारी-शेजारी असतात. मंदारराव तो कुरतडत होते. मी टोकाचा सांधा मोडला, बारीक हाड चिमटीत धरून जरा पिळलं आणि ओढलं. हाड कोरडं ठाक बाहेर. मग जाड हाडही तसंच काढलं. मांस अखंड हातात. शेजारच्या टेबलावरच्या कवटीवाल्याने हे पाहिलं आणि आजीची ती खूण करून मला दाद दिली.

मंदारराव टेबलावर ओणवे झाले. गाणं टिपेला पोचलं होतं. ते ओरडले, "आई! मला! पंखच! आवडतात!"

मी ओरडले, "मग! तंगडी?"

"तुम्ही! वाढता! म्हणून!"

लग्न झाल्यापासून हा माणूस आमच्याकडे तंगडी खात आला होता, कारण नाही कसं म्हणायचं. आणि मी पंख खात आले होते, कारण विचारलंच कुणी नव्हतं. मीही घसा ताणून सांगितलं, "मला! तंगडी! आवडते!" हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा बोलले असेन.

तेव्हा मला कळलं, आपल्या घरांत प्रेम कमी नसतं, शांतता जास्त असते. भिडस्तपणाला शब्द फार लागतात: राहू दे, कशाला, तुम्ही घ्या, मला कुठलंही चालतं. एवढं सगळं त्या आवाजात ओरडून सांगायची कुणाची छाती आहे? तिथे दोन-तीनच शब्द पलीकडे पोचतात, म्हणून माणूस झक मारत खरं बोलतो.

थोरल्या जावयाची तंगडी तर माझ्याकडे आली. प्रश्न धाकट्यांचा आहे. ते पुण्याचे, शास्त्रीय संगीतातले. मला आवर्जून सवाई गंधर्वला नेतात, तिथे शेजारचा खोकला तरी लोक वळून बघतात. अशा ठिकाणी कुणी तंगडीबद्दल खरं सांगेल काय? आमच्याकडे ते दुसरी तंगडी मुकाट खातात, आवडीने की मान राखून, देव जाणे. यंदा गणपतीला पुण्यात जाणारच आहे. विसर्जनाच्या मिरवणुकीत, चांगला दणकट डीजे गाठून, त्यांना स्पीकरच्या भिंतीपुढे उभं करून विचारणार आहे.