कार्बनभाऊ

गाडीच्या प्लास्टिकवर कार्बन फायबरचं कापड चिकटवणाऱ्या माणसाला शेजारी हौशी म्हणतात आणि वडील उधळ्या म्हणतात. दोघांचंही निदान चुकतं. कार्बनभाऊ मुळात अभ्यासू. फक्त अभ्यास अर्ध्याच विषयाचा झालेला असतो. 1981 साली मॅक्लारेनने कार्बन फायबरच्या सांगाड्याची एमपी4/1 ही फॉर्म्युला वन गाडी उतरवली, आराखडा जॉन बार्नर्डचा, हे त्यांना स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्कं पाठ असतं. ट्विल वीण कोणती आणि साधी कोणती, हे ते रस्त्याच्या पलीकडून ओळखतात. पण ज्या बंपरवर हे महावस्त्र चढवायचं तो कशाचा, असं विचारलं की उत्तर येतं, "कशाचा म्हणजे? प्लास्टिकचा!"

इथेच घोडं पेंड खातं. बंपर उतरवून मागची बाजू पाहिली तर तिथे बहुधा 'पीपी+ईपीडीएम' अशी अक्षरं असतात. म्हणजे पॉलिप्रॉपिलीन आणि धक्का सोसावा म्हणून त्यात घातलेलं रबर. पॉलिप्रॉपिलीन कुणालाच अंगाला लागू देत नाही. त्याची पृष्ठऊर्जा इतकी कमी, की इपॉक्सी त्यावर नीट पसरत नाही, मग धरणार कुठून? भाऊ सँडपेपरने खसाखसा घासतात, प्लास्टिकला लव फुटते आणि त्यांना वाटतं, पकड आली. कारखान्यात रंग देण्याआधी अशा भागांवरून ज्योत झरझर फिरवतात किंवा खास प्रायमर मारतात, ते काही हौस म्हणून नव्हे. खरं तर पुरावा भाऊंच्या हातातच असतो. रेझिन आणि हार्डनर ज्या कपात ते कालवतात तो बहुधा याच पॉलिप्रॉपिलीनचा असतो. दुसऱ्या दिवशी कप जरा दाबला की आतला कडक गोळा टुणकन बाहेर येतो. कप पुन्हा वापरता येतो म्हणून भाऊ खूश होतात आणि बंपरकडे वळतात.

समजा, चिकटलं. पुढे मे महिना आहेच. दीड मीटरचा बंपर हिवाळ्यातल्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत चार-पाच मिलिमीटर वाढतो. कार्बनचा धागा मात्र ढिम्म. एक ताणतो, दुसरा दाद देत नाही, आणि जोड कडेने सुटू लागतो. उरलंसुरलं काम सोसायटीच्या उतारावरचा स्पीडब्रेकर करतो, कारण बंपरचा धर्म वाकण्याचा आणि कार्बनचा मोडेन पण वाकणार नाही असा.

यावर भाऊंचं उत्तर तयार असतं: आरशाच्या झाकणावरचं कसं टिकलं? टिकणारच. ते झाकण बहुतेक वेळा एबीएस नावाच्या प्लास्टिकचं, लहानसं आणि कडक. घासलेल्या एबीएसला इपॉक्सी छान धरते. पण एका आरशावरून अख्ख्या गाडीचं भविष्य सांगणं म्हणजे फारच झालं. वजनाचा मुद्दा तर काढूच नये. मूळ बंपर तसाच ठेवून त्यावर कापड, रेझिन आणि क्लिअर कोटचे थर चढवल्यावर गाडी हलकी कशी होणार? उरला टीकाकारांचा आक्षेप, की हा सगळाच देखावा. असेना! नटण्याला बंदी नाही, आणि नुसतं नटायचंच तर वाकणारी, ताणली जाणारी कार्बनछाप व्हिनाइल फिल्म मिळते. पण तिचं नाव काढलं की भाऊ दुखावतात. "ती नकली!" तिथे काडीचंही काम न करणारा कार्बन त्यांना अस्सलच लागतो.

शेवटी एक दिवस तो थर कपातल्या गोळ्यासारखाच अखंड सुटतो. मग भाऊ नाइलाजाने ड्रिल आणतात, प्रसरणाला वाव राहावा म्हणून भोकं लांबट पाडतात आणि स्क्रूने तो सैलसर बसवतात. या साऱ्या खटाटोपात अभियांत्रिकीला धरून झालेलं काम एवढंच, आणि ते दिसू नये म्हणून भाऊ स्क्रूंवर रेसिंगचे स्टिकर लावतात.