घामाची उधारी

सॉना सूट म्हणजे हवाबंद प्लॅस्टिकचा अंगरखा. तो चढवून बॉक्सर दोरीच्या उड्या मारतो, बॅगवर ठोसे हाणतो. मग मनगटाचं इलॅस्टिक जरा ओढलं की बाहीतून घामाची धार लागते. काटा किलोभर खाली! प्रशिक्षक खूश, बॉक्सर खूश. सगळ्यात खूश चरबी, कारण तिला कुणी हातच लावलेला नसतो. किलोभर चरबी जाळायला साधारण ७,७०० कॅलरी खर्चाव्या लागतात. घामाचा किलो मात्र लिटरभर पाणी प्यायलं की परत हजर.

व्याज वेगळं. घाम उडाला तरच अंग निवतं, आणि सूट नेमकं तेच होऊ देत नाही. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात अमेरिकेत तीन कॉलेज कुस्तीगीर वजन उतरवताना दगावले; मग तिथल्या कॉलेज कुस्तीत रबरी सूटवर बंदी आली. बॉक्सिंगच्या जिममध्ये तो अजून ऐटीत मिरवतो.

वजनगट आखले ते बरोबरीचे गडी भिडावेत म्हणून. व्यावसायिक लढतीत वजन सहसा आदल्या दिवशी होतं, तेव्हा दोघेही सारखेच सुकून काट्यावर चढतात आणि दुसऱ्या दिवशी सारखेच फुगून रिंगणात उतरतात. बरोबरी झालीच की! फक्त ती आधी घाम न गाळताही झाली असती.