सुखातालला पार्किंग म्हणू नका

आमच्या छत्रपती संभाजीनगरातून नैनितालला जायचं म्हणजे सचखंड एक्स्प्रेसनं दिल्ली गाठायची, तिथून रात्रीची काठगोदामची गाडी धरायची आणि पुढचा पस्तीसेक किलोमीटरचा घाट मोटारीनं चढायचा. एवढा खटाटोप करून माणसं तळ्यापाशी उतरतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "काका, इथले पॉइंट किती?"

या प्रश्नाचा मला मनापासून राग येतो. एकदा पॉइंट मोजायला लागलं की तळं राहतं बाजूला. भीमताल झालं, सातताल झालं, आता नौकुचियाताल आटपा. नावेत बसलेला माणूस नावाड्याला घाई करतो, कारण वर गाडी थांबलेली असते. हंगामात संध्याकाळी मॉल रोड वाहनांना बंद करतात, तर त्यावरही कुरकुर. अहो, तेवढा वेळ तरी हॉर्नशिवाय चालता येतं!

त्याहून जास्त खटकतो तो हॉटेलातला नळ. छत्रपती संभाजीनगरात पाणी कधी येणार हे पाहून लोक गावाला जायचे बेत ठरवतात. जायकवाडीचं पाणी पैठणहून उपसून आणावं लागतं, ते रोज येत नाही. आलं की घरातल्या कळश्या, पिंपं, बादल्या सगळं भरून ठेवायचं. या शिस्तीत वाढलेली माणसं नैनितालला दाढी होईपर्यंत नळ सोडून ठेवतात. हटकलं तर म्हणतात, "खोलीचे पैसे भरलेत ना?" भरले असतील. पण ते पाणी समोरच्या तळ्याचं आहे, आणि अख्खं गाव तेच पितं. 2016 आणि 2017च्या उन्हाळ्यांत तळं इतकं खाली गेलं होतं की काठाचा गाळ उघडा पडला होता.

मासे वर आले की पाव टाकायचा, ही दुसरी खोड. मुलांना कौतुक वाटतं, ते मी समजू शकतो, पण शेजारी उभ्या मोठ्या माणसांनी आवरायला नको का? न खाल्लेला पाव तळाशी जाऊन कुजतो आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खातो. या तळ्याच्या तळाशी प्राणवायू इतका कमी झाला होता की 2007 पासून यंत्रांनी खालून हवा सोडावी लागते आहे.

रस्त्यावर टाकलेल्या वेफर्सच्या पुड्यांचंही तसंच. त्या तळ्यात कशा पोचतात, हे कळायला थोडं मागं जावं लागतं. 18 सप्टेंबर 1880 रोजी इथला डोंगर कोसळला आणि 151 माणसं गेली. आज फ्लॅट्स नावाचं जे मैदान आहे, ते त्या दरडीनं भरून आलेल्या जमिनीवर. पुन्हा असं होऊ नये म्हणून इंग्रजांनी उतारांवर नाल्यांचं जाळं बांधून काढलं. पावसाचं पाणी मुरून डोंगर सुटू नये, ते सरळ तळ्यात उतरावं, हा त्यामागचा विचार. तेव्हा वर कुठंही टाकलेली पुडी पहिल्याच जोराच्या पावसात तळ्यात येते. "तळ्यात कुठं टाकली? रस्त्यावर टाकली" हे उत्तर तिथं चालत नाही.

पण माझी मुख्य तक्रार सुखातालची आहे. नैनी तलावाच्या वरच्या अंगाला हे एक खोलगट तळं आहे. वर्षातले बरेच महिने ते कोरडं असतं. पावसाळ्यात भरतं, आणि ते पाणी जमिनीखालून झिरपत खालच्या तळ्याला येऊन मिळतं. पाऊस थांबल्यावरही नैनी तलावाला पाणी पुरवणाऱ्यांत त्याचा मोठा वाटा. त्याच्या पात्रात बांधकामाचा राडारोडा पडला, काठानं बांधकामं झाली, गाड्या उभ्या राहिल्या. आमच्या चालकानं हात दाखवून सांगितलं, "ये पार्किंग है." गाडीतल्या कुणीही पुढं विचारलं नाही.

दुसऱ्या गावची माणसं असती तर मी एवढा चिडलो नसतो. आम्ही मलिक अंबरच्या गावचे. 17व्या शतकात त्यानं हर्सूलच्या बाजूचं जमिनीखालचं पाणी हेरलं आणि नहरीनं शहरात आणलं. आमच्या पाणचक्कीलाही डोंगराकडचं पाणी मातीच्या नळांतून येत होतं. पाहुणे आले की हे आम्हीच रंगवून सांगतो. मग वरून कोरडी दिसणारी जमीन आत पाणी साठवते, हे आम्हाला सुखातालच्या काठावर का सुचू नये?

सहली काढणाऱ्यांना माझं एवढंच मागणं आहे. यादीतला एखादा पॉइंट कमी करा, पर्यटकांना सुखातालच्या काठावर दहा मिनिटं उतरवा आणि खालच्या तळ्यात पाणी कुठून येतं ते सांगा. गाडी मात्र पात्रात नेऊ नका, रस्त्यावरच ठेवा.